ट्रम्प आला, आता अमेरिकेत गांजा सगळीकडं लीगल होणार का? भाच्यासाठी विचारतोय

नवीपेठ_वाला
भावांनो एक विचारायचंय, हसू नका. माझा भाचा ऑगस्टपासून डेन्वरला एमएस करतोय. काल व्हिडिओ कॉलवर म्हणतो, मामा आपल्याकडं पानपट्टी असते तसं इथं चौकाचौकात गांजाचं दुकान आहे, पक्कं बिल देतात, आणि आता २०२४ ची निवडणूक जिंकून ट्रम्प आलाय तर नवीन वर्षात अख्ख्या देशात लीगल होणार, फ्लोरिडात गांजा लीगल करायच्या मतदानात बाजूनं मत देणार म्हणून ट्रम्पनं स्वतःच सांगितलं होतं. वर म्हणतो असल्याच एका दुकानात मित्र कामाला आहे, मलापण काउंटरवर घ्यायला तयार आहेत, तू पण ह्या कंपन्यांचे थोडे शेअर घेऊन ठेव. ताईला यातलं काही माहीत नाही, कळलं तर कुर्डुवाडीच्या पुढं कधी गेली नाही ती बाई पहिलं विमान पकडंल. मला हे कळंना की राज्यात लीगल आणि देशात बेकायदा हे कसं काय असतंय? आणि निवडणुकीनं खरंच काय बदलणार आहे का? आपल्याकडं विधानसभेचा निकाल लागून आठवडा झाला, इथं तर कुणी या विषयावर तोंड उघडलं नाही.

कडक_भाकरी
शेअरचं नाव काढू नका ओ मामा. ५ नोव्हेंबर २०२४ ला फ्लोरिडात तो लीगल करायचा प्रस्ताव पडला आणि दुसऱ्या दिवशी हे सगळे शेअर धपाधप खाली. त्यापेक्षा दोन यंत्रमाग घ्या… नको, तेपण भंगारात चाललेत.

जुळे_सोलापूर_रिटर्न
११ वर्षं न्यू जर्सीत काढून आलोय, सांगतो. आपल्याकडं दारू राज्याचा विषय, म्हणून गुजरातेत बंदी आणि इकडं परमिट रूम, कुणाला त्यात काय वाटत नाही. तिकडं गांजाचं तसं नाहीये. १९७० चा केंद्राचा कायदा आहे, त्यात गांजा पहिल्या, सगळ्यात कडक यादीत टाकला, हेरॉईनच्या शेजारी, आणि गंमत बघा, कोकेन दुसऱ्या यादीत, म्हणजे कागदावर गांजापेक्षा सभ्य. हा कायदा तसाच ठेवून २०२४ पर्यंत २४ राज्यांनी आपापल्या हद्दीत मौजेसाठी परवानगी दिलीय, भाच्याच्या कोलोराडोनं २०१२ ला मतदान करून २०१४ पासून दुकानं उघडली. केंद्र कानाडोळा करतंय एवढंच.

आता ट्रम्पचं. सप्टेंबर २०२४ मध्ये तो बोलला हे खरंय, पण फ्लोरिडात ६० टक्के मतं लागत होती आणि ५६ च्या आसपास पडली, म्हणजे जिंकूनपण हरले. नॉर्थ आणि साउथ डकोटा राज्यांनी नाही म्हटलं, नेब्रास्का राज्यानं फक्त औषधापुरतं हो म्हटलं. जे काय चालू झालं ते बायडनच्या काळातलं, पहिल्या यादीतनं काढून तिसऱ्या यादीत टाकायचं, मे २०२४ मध्ये प्रस्ताव आला आणि २ डिसेंबर २०२४ पासून सुनावणी ठरली होती. पण तिसरी यादी म्हणजे लीगल नाही! डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या औषधांची यादी आहे ती, डेन्वरचं दुकान केंद्राच्या लेखी तरीपण बेकायदाच राहणार.

मग दुकानदार एवढे का नाचतायत? टॅक्स. नवीपेठवाले तुम्ही धंदेवाले, तुम्हाला लगेच कळंल. पहिल्या दोन यादीतला माल विकणाऱ्याला दुकानभाडं, पगार, लाईटबिल काहीच खर्चात धरता येत नाही, फक्त मालाची खरेदी धरता येते, म्हणजे वर्षाअखेर तोटा झाला तरी टॅक्स भरायचा. तिसऱ्या यादीत गेलं की हे संपतं, शेअर वरखाली होतात ते या एका आशेवर.

पूर्ण लीगल करायचं तर संसदेनं करायला पाहिजे. खालच्या सभागृहानं २०२० आणि २०२२ ला बिल पास केलं, सिनेटमध्ये मेलं, तिथं ६० मतं गोळा करावी लागतात आणि २०२४ च्या निवडणुकीनंतर तर दोन्हीकडं रिपब्लिकन. त्यात ॲटर्नी जनरल, म्हणजे केंद्राचा सगळ्यात वरचा कायदा अधिकारी, म्हणून ट्रम्पनं आधी मॅट गेट्झचं नाव दिलं होतं, तो गांजाच्या बाजूचा, त्यानं माघार घेतली आणि आल्या पॅम बाँडी, ज्यांनी फ्लोरिडात असताना औषधी गांजालापण विरोध केला होता. नवीन वर्षात देशभर वगैरे विसरा.

आणि भाच्याला आज रात्रीच फोन लावा. तो एफ-वन म्हणजे स्टुडंट व्हिसावर आहे, पहिल्या वर्षी कॉलेजबाहेर काम चालतच नाही, आणि गांजाच्या दुकानात तर अजिबातच नाही. व्हिसा, ग्रीन कार्ड सगळं केंद्राच्या कायद्यानं चालतं. केस नसली तरी अधिकाऱ्यासमोर "हो, घेतलाय" एवढं कबूल केलं तरी पुढं एंट्री अडू शकते. बायडननं २०२२ ला गांजा बाळगल्याच्या गुन्ह्याला माफी दिली तीपण नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच, स्टुडंटला नाही.

काळा_कोट
वरचं बरोबर आहे. इकडचं सांगतो, कारण हैदराबाद रोडवर पकडलेल्या मालाचे ड्रायव्हर आम्हा वकिलांकडंच येतात. आपला एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा, १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दबावाखाली आलेला, आणि त्या करारामागं सगळ्यात जास्त जोर अमेरिकेचाच होता. बोंडं असतील तर गांजा, नुसती पानं असतील तर भांग, ती या कायद्याबाहेर, म्हणून महाशिवरात्रीला थंडाईवर कुणी केस करत नाही. २० किलोपेक्षा जास्त गांजा सापडला की १० ते २० वर्षं, आणि जामीन जवळपास नाहीच. ड्रायव्हर आत, माल कुणाचा ते कधी कळत नाही. बदल होतोय तो कडेकडेनं, सप्टेंबर २०२४ मध्ये हिमाचल विधानसभेनं औषध आणि धाग्यासाठी लागवडीचा ठराव केला. पतियाळाचे खासदार धर्मवीर गांधी मागं एकदा खासगी विधेयक घेऊन आले होते, बाकी कुणाला या विषयाला हात लावायचा नाही.

कडक_भाकरी
धाग्यासाठी म्हणजे? चादरी निघतील का?

काळा_कोट
कापड निघतं. पण वास घ्यायला पोलीस आधी येतील.

नवीपेठ_वाला
आभार सगळ्यांचे. केला फोन. मामा तू जुन्या जमान्यातला म्हणाला आणि कट केला, तासाभरानं मेसेज आला की नाही जात कामाला. आता दोन दिवस झाले फोनच उचलंना. ताई विचारायलीय काय झालं, काय सांगू?

जुळे_सोलापूर_रिटर्न
परीक्षा आहे म्हणा. डिसेंबरात तिकडं खरंच असते.