विमानाचा सिम्युलेटर: तासाभराचे पैसे वसूल होतात का?

सावनी_विमाननगर

नमस्कार मंडळी. नवऱ्याची पन्नाशी जुलैत आहे. घड्याळ, शर्ट, सगळं देऊन झालंय. हा माणूस पाहुण्यांना एअरपोर्टवर सोडायला गेला की पाहुणे आत गेल्यावरही अर्धा तास बाहेर मान वर करून उभा असतो. लोहगाववरून सुखोई उडालं की आमच्या खिडक्या थरथरतात, शेजारी शिव्या घालतात आणि हा भरल्या ताटावरून उठून गॅलरीत जातो.

तर त्याला मोठ्या विमानाच्या सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच विमान उडवल्यासारखं वाटायला लावणाऱ्या यंत्रात, बसवायचं मनात आहे. आपल्यासारख्या साध्या माणसांना अर्धा तास, एक तास असं देतात म्हणे. कुणी केलंय का? अर्धा तास पुरतो का? याला ताम्हिणी घाटात गाडी लागते, तसं काही होईल का? पाठही जरा धरलेली असते. आणि खरं सांगा, हा नुसता मोठा व्हिडिओ गेम तर नाही ना?

खडूस_कोथरूडकर

गेमच आहे. मी ऑनलाइन कूपन घेऊन गेलो होतो, जागेचं नाव घेत नाही. साठ मिनिटांतली वीस माहिती सांगण्यात, दहा टोपी घालून फोटो काढण्यात गेली. उरलेल्यात ऑटोपायलटने विमान नेलं आणि मी ढग बघितले. शेवटी सर्टिफिकेट दिलं, त्यात माझं आडनाव चुकलेलं. बुक करण्याआधी "विमान उडवायचा दांडा माझ्या हातात किती मिनिटं?" एवढं विचारा.

कसारा_फास्ट

सावनीताई, मी मध्य रेल्वेत मोटरमन होतो. रिटायर होऊन चार वर्षं झाली, कल्याणला असतो. मुलगी बंगळूरला आहे. तिने मला न सांगता एक तास बुक केला होता. पैसे किती दिले ते अजून सांगितलेलं नाही, म्हणजे बरेच असणार.

एका ऑफिसच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, दातांच्या दवाखान्याशेजारी ते सेंटर. दार उघडलं तर आत एअरबस ए-३२० या प्रवासी विमानाचं नाक. हलणारं नव्हतं, जागेवर पक्कं, पुढे अर्धगोल पडदा. शिकवणारा पोरगा पंचविशीचा. "अंकल, आप कॅप्टन" म्हणून त्याने मला डाव्या सीटवर बसवलं. तिथे समोर स्टिअरिंग नाहीच, जेवायचं टेबल आहे, ओढलं की बाहेर येतं! उडवायचा दांडा डाव्या बाजूला, मुठीएवढा. माझ्या डाव्या हाताने जन्मात चहाचा ग्लास धरण्यापलीकडे काही केलेलं नाही. उजव्या हाताला इंजिनांचे दोन लिव्हर. ते पुढे सारले की ठरलेल्या जागी खट्कन अडकतात. म्हणजे आमच्या कंट्रोलरच्या खाचा, नॉच! तेवढं मात्र घरचं वाटलं.

मुंबईचा रनवे २७ लावायला सांगितला होता. पोरगा म्हणाला, चला अंकल. माझा हात हलेना. का, ते मलाही दोन सेकंदांनी कळलं. मागून गार्डच्या दोन घंट्या आल्याशिवाय आम्ही गाडी काढत नाही.

मग निघालो आणि पहिली फजिती झाली. मोटरमनला वळवायची सवयच नसते हो. रूळ नेतील तिकडे गाडी. इथे रनवेवर पायांनी सरळ ठेवायचं. मी डावा पाय दाबला की विमान डावीकडे, घाबरून उजवा दाबला की उजवीकडे, पांढऱ्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी नागमोडी. लोकलला मी शंभराच्या वर कधी गेलेलो नाही, इथे १४० नॉट, म्हणजे ताशी २६० किलोमीटर झाल्यावर पोरगा म्हणाला, आता ओढा. ओढलं. उडालं. मागे बसलेली आमची ही म्हणाली, "अहो, हळू!"

वर गेल्यावर मी दांडा घट्ट धरून बसलो होतो, घाम फुटलेला. पोरगा म्हणाला, "अंकल, हाथ छोडो." मी म्हटलं, वेडा आहेस का? आमच्याकडे कंट्रोलरचं हँडल दाबून धरावं लागतं. गाडी चालू असताना हात सुटला तर डेडमन लागतो, ब्रेक बसतात, कारण हात सुटला म्हणजे मोटरमनला काहीतरी झालं असं गाडी धरून चालते. तीस वर्षं ते अंगात मुरलेलं. त्याने शेवटी माझी बोटं एकेक करून सोडवली. विमान होतं तसंच, तशाच तिरक्या पंखांनी जात राहिलं. कॉम्प्युटर ते तसं धरून ठेवतो म्हणे. ऑटोपायलट बंद होता बरं का! त्या दोन मिनिटांचे पैसे वेगळे लावले असते तरी मी दिले असते.

उतरताना दुसरी गंमत. रनवेच्या कडेला चार दिवे असतात. चारही पांढरे म्हणजे तुम्ही फार वर, चारही लाल म्हणजे फार खाली, दोन लाल दोन पांढरे म्हणजे बरोबर. पोरगा खूश होऊन सांगतोय, परफेक्ट, दोन लाल! आणि माझा पाय ब्रेक शोधतोय. लाल सिग्नल ओलांडणं म्हणजे आमच्याकडे सगळ्यात मोठा गुन्हा, नोकरीवर येतं. इथे लाल बघत बघत पुढे जायचं, आणि तेच बरोबर.

उतार तीन अंशांचा असतो असं तो म्हणाला. मी मनात हिशेब केला, १ इन १९, म्हणजे एकोणीस फूट पुढे गेलं की एक फूट खाली. कसाऱ्याच्या पुढे थळ घाट १ इन ३७ आहे, तिथे चढताना गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात. म्हणजे प्रत्येक विमान रोज दुप्पट घाट उतरतं आणि आत लोक झोपलेले असतात.

मुंबईला पूर्वेकडून उतरणारी विमानं घाटकोपरजवळ आमची लाईन ओलांडतात. खालून किती वर्षं बघितली असतील. आता वरून, पाच-सहाशे फुटांवरून, मी रूळ शोधत होतो. रूळ होते, पण स्टेशन काढलेलंच नव्हतं. नुसते चौकोनी ठोकळे आणि झाडं. लाईनीला इतकी झाडं असती तर काय हवं होतं!

त्या नादात उंची चुकली. मशीन बोलायला लागलं, फिफ्टी, फॉर्टी, थर्टी, मग "रिटार्ड, रिटार्ड". म्हणजे इंजिनं मागे घ्या. रिटार्डेशन, म्हणजे वेग कमी करणं, हा तर आमचाच शब्द, तेवढं बरोबर केलं. पण नाक जास्त उचललं, विमान तरंगत राहिलं आणि मग दाणकन बसलं. पोरगा म्हणाला, पॅसेंजर जिंदा हैं, कमर गयी. नंतर पाच वेळा उतरवलं. चौथं चांगलं बसलं. पाचवं परत वाईट.

तर ताई, एक तासच घ्या. अर्ध्या तासात नुसती भीती जाते.

उजवी_सीट

काका, भारी लिहिलंय. मी याच विमानावर को-पायलट आहे, थोडी भर घालते.

सावनीताई, काकांना मिळाला तो स्थिर सिम्युलेटर. आमचं ट्रेनिंग होतं तो सहा पायांवर हलतो. त्यातली गंमत अशी की तो पुढे कुठेच जात नाही. टेकऑफला पाठ सीटमध्ये दाबली जाते, ती अख्खी खोली हळूच मागे कलते म्हणून. पडद्यावरचं क्षितिज सपाटच ठेवलेलं असतं, त्यामुळे शरीर फसतं आणि तुम्हाला वाटतं वेग वाढतोय. अनुभवी पायलटला या मशीनवर नवं विमान शिकवून थेट प्रवासी घेऊन पाठवता येतं, इतकं ते खरं असतं. तिथे आम्ही वर्षातून दोनदा परीक्षेला जातो आणि आदल्या रात्री नीट झोपत नाही. परदेशात काही ठिकाणी असे तास लोकांनाही विकतात, पण महाग, आणि बऱ्याचदा अवेळी.

गाडी लागणाऱ्यांना उलट स्थिर सिम्युलेटरमध्येच त्रास होऊ शकतो. डोळ्यांना वळण दिसतं, पण तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाला काहीच कळत नाही. पोट रिकामं नको, तुडुंब पण नको. गरगरलं तर बाहेर न बघता समोरच्या यंत्रांवर नजर ठेवायची आणि शिकवणाऱ्याला पडदा थांबवायला सांगायचं. त्यात लाज नाही. पाठीचं म्हणाल तर सीट आणि पेडल दोन्ही पुढेमागे होतात. दोन काचांमधल्या खांबावर छोटे गोळे असतात. पांढऱ्याआड लाल लपेपर्यंत सीट वरखाली करायची, म्हणजे डोळे बरोबर उंचीवर येतात. हे करायला पाच मिनिटं मागून घ्या, घाईत बसवतात.

कोथरूडकरांसारखं होऊ नये म्हणून एक करा. "मुंबई ते पुणे" किंवा "मुंबई ते गोवा" असं पूर्ण उड्डाण घेऊ नका, त्यात तास संपतो आणि ढगच दिसतात. रनवेच्या पाच मैल अलीकडे विमान ठेवून द्या म्हणावं. एक बटण दाबलं की ते परत तिथे येतं, आणि तिथून खाली टेकायला दोन-अडीच मिनिटं लागतात. बोलणं, हसणं धरून तासात सात-आठ लँडिंग सहज होतात.

आणि व्हिडिओ गेम म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी. एडविन लिंक नावाच्या अमेरिकन माणसाने १९२९च्या सुमाराला आपला पहिला ट्रेनर, म्हणजे जमिनीवर बसून विमान शिकायचं यंत्र, केला, वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वापरून. सुरुवातीला तो घ्यायला फारसं कुणी तयार नव्हतं. विकला गेला तो जत्रेत पैसे टाकून बसायच्या पाळण्यासारखा, करमणुकीच्या बागांना. १९३४ साली टपाल नेताना लष्कराचे पायलट खराब हवेत मरायला लागले, तेव्हा कुठे लष्कराने तो घेतला. म्हणजे आपण साधी माणसंच आधी बसलो होतो, पायलट नंतर आले.

खडूस_कोथरूडकर

बरं. माझं आडनाव तरी नीट लिहायला हवं होतं.

सावनी_विमाननगर

काका, तुमचं वाचून मी ऑफिसात एकटीच हसत होते. उजवी_सीट, खूप आभार. एक तास ठरला, सगळी लँडिंगच. फोनवर त्यांना "दांडा किती मिनिटं" विचारलं तर म्हणाले पंचेचाळीस, बाकी पंधरा बसवण्यात आणि समजावण्यात. चालेल ना?

एक सांगायचं राहिलं, नवरा डावखुरा आहे. लग्नात पंगतीत डाव्या हाताने घास भरवला म्हणून आत्याबाई दोन वर्षं बोलत होत्या.

उजवी_सीट

पंचेचाळीस उत्तम. आणि डावखुरा असेल तर डावीच सीट मागा, काकांना जे जड गेलं ते त्यांना आपोआप येईल. आत्याबाईंना मागच्या सीटवर बसवता आलं तर बघा.

कसारा_फास्ट

आणि निघताना मागून दोन घंट्या कुणीतरी वाजवा.