अजिंक्यताऱ्यावर एव्हरेस्टची चढाई: देणगीच्या अटीबद्दल

विषय: संक्रांतीला साताऱ्यात 8848 मीटर

मंडळी, नमस्कार.

संक्रांतीच्या सुमारास साताऱ्याला जातोय. तेव्हा 'एव्हरेस्टिंग' करायचं पक्कं केलंय. एकच डोंगर पुन्हा पुन्हा चढायचा, मध्ये झोपायचं नाही, चढाईची बेरीज एव्हरेस्टएवढी भरेपर्यंत. डोंगर अर्थातच अजिंक्यतारा. पायथ्याजवळच्या 'चार भिंती' स्मारकाकडून वर, महादरवाजाला हात लावून खाली. खेपेला अडीचशे मीटर चढ धरला तर 36 खेपा. चढ-उताराला मिळून पाऊण तास म्हटलं, तरी 27 तास.

या निमित्ताने जमवायचे पैसे माण तालुक्यातल्या मुलींच्या सायकलींसाठी. महाबळेश्वर ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात हा दुष्काळी तालुका. वस्त्या लांब लांब, आणि हायस्कूल दूर पडलं की घरचे आधी मुलीची शाळा थांबवतात. ललिता बाबर याच तालुक्यातल्या मोहीची. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या शर्यतीची) अंतिम फेरी धावली, दहावी आली. अशा पोरी तिथे आजही आहेत.

एक सुचवतो: 36 खेपा पूर्ण झाल्या तरच देणगी द्यायची. म्हणजे माझ्याकडूनही कसूर होणार नाही.

शाहूपुरीकर

---

शाहूपुरीकर,

मनापासून कौतुक आहे रे, पण ती अट आजच काढून टाक.

चढताना दम लागतो, तो थांबलास की बसतो. खरं नुकसान उतरताना होतं. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचं वजन पेलतो, त्याचे तंतू तुटतात. फारच झालं तर त्यातली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडावर येतात. लघवी कोऱ्या चहासारखी दिसली की चढाई तिथेच संपली, पस्तिसावी खेप असली तरी. दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन घेऊ नकोस, मूत्रपिंडावर आणखी ताण येतो. नुसतं पाणी ढोसत राहू नकोस, रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस बरळायला लागतो. मीठ घातलेलं ताक, मीठ लावलेले उकडलेले बटाटे ठेव. कंदी पेढेही चालतील.

आणि सायकली अडल्यात म्हटल्यावर तू थांबशील का? नाही थांबणार, ओळखते मी तुला. म्हणून आम्ही पैसे आधीच देणार. थांबायचं कधी ते पायथ्याशी बसलेला डॉक्टर ठरवेल, तू नाहीस. मिरजेतल्या माझ्या भाच्याला सांगते, तो येईल.

सांगलीची ताई

---

सर्वांना नमस्कार,

पैसे मंडळाच्या खात्यात भरू नका. मंडळ इथे परदेशात नोंदलेलं, त्यामुळे मंडळाने पाठवलेली रक्कम भारतात परकीय देणगी धरतात. इथलं नागरिकत्व घेतलेल्यांचंही तसंच, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी. असे पैसे एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच आणि तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या खात्यातच जायला हवेत. भारतीय पासपोर्टवाल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर ते परकीय धरत नाहीत. संस्थेची नोंदणी तपासून खाते क्रमांक कळवतो, तोवर थांबा.

खजिनदार

---

ताई, अट काढली. डॉक्टरांचा शब्द शेवटचा, हे घरीही सांगितलंय. भाचेसाहेबांची राहायची सोय आमच्याकडे.

आता एकच मागणं. दिवसा सोबतीची चिंता नाही, पहाटेपासून निम्मा सातारा किल्ल्यावर फिरायला असतो. रात्री दोन ते पाच माझ्याबरोबर चढायला माणूस हवा. कुणाचे भाऊ-भाचे साताऱ्यात असतील तर कळवा. बॅटरी आणि गरम चहा माझ्याकडून.

शाहूपुरीकर