‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ : वजनकाट्यावर उभ्या असलेल्या माणसाने ही प्रार्थना कशी करावी?

काटा_पावती (धागाकर्ता)

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी गेली अकरा वर्षे स्टोअर सांभाळतो. भंगाराची गाडी आली की आधी भरल्या गाडीचे वजन, माल उतरल्यावर रिकाम्या गाडीचे वजन, आणि दोन्हींतला फरक तो माल, इतका साधा हा हिशेब आहे. पण या साध्या हिशेबात माणसाला घसरायला किती जागा असते, हे काट्यावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. भरल्या गाडीच्या वेळी ड्रायव्हर आणि क्लीनर केबिनमध्ये बसून राहतात आणि रिकाम्या गाडीच्या वेळी चहाच्या निमित्ताने खाली उतरतात, तेवढ्यानेच सव्वाशे-दीडशे किलो ‘माल’ वाढतो. भंगारात माती असेल तर घट किती धरायची, हे तर सर्वस्वी माझ्या डोळ्यांवर सोपवलेले आहे.

मागच्या महिन्यात एका शनिवारी पुरवठादाराच्या माणसाने पावतीखालून एक पाकीट माझ्याकडे सरकवले. मी ते परत सरकवले, पण तोंडाने ‘नको’ म्हणालो नाही. ‘नंतर बघू’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी उपासनेत येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ या ओळीवर मी अडखळलो, आणि पुढची ओळ सगळी मंडळी म्हणून मोकळी झाली तरी माझ्या तोंडून निघाली नाही.

अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यानंतर उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती मंडळीत आमच्या घराच्या चार पिढ्या गेल्या. या चारही पिढ्यांनी ती ओळ ‘मोह आला तर जिंकण्याचे बळ दे’ अशाच अर्थाने म्हटली असावी. मी तरी तशीच म्हणत आलो. पण शब्द तसे नाहीत. त्यात बळाची मागणीच नाही. मला त्या जागेपर्यंत नेऊच नकोस, अशी ती स्वतःची कमजोरी ओळखणाऱ्या माणसाची विनवणी आहे. मूळ ग्रीक शब्दात परीक्षा आणि मोह असे दोन्ही अर्थ असल्यामुळे या ओळीवरून अजूनही वाद होतात. देवच माणसाला मोहात नेतो असा समज होऊ नये म्हणून फ्रान्समधल्या कॅथलिक मंडळीने २०१७ साली आणि इटलीतल्या मंडळीने २०२० साली तिचे भाषांतर बदलून घेतले. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात तर स्पष्टच आहे की देव कोणाला मोहात पाडत नाही, माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो.

माझे मत असे आहे की विश्वासाचे खरे काम मोह समोर येण्याच्या आधी उरकलेले असावे लागते. मालक पोटीफरच्या बायकोने मोहात पाडायला वस्त्र धरले तेव्हा योसेफ ते तिच्या हातात टाकून पळाला. अरण्यात चाळीस दिवस उपाशी असलेल्या येशूने सैतानाशी वाद घातला नाही. तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातले एकेक वचन सांगितले आणि विषय संपवला. म्हणून त्या सोमवारी मी मालकांना विनंती केली की यापुढे काट्याच्या पावतीवर माझ्याबरोबर सुरक्षा रक्षकाचीही सही असावी, आणि घट धरताना मेल्टिंगचा सुपरवायझर हजर असावा. माझी पत्नी म्हणते की यात श्रद्धा कमी आणि भीती जास्त आहे. आपणांस काय वाटते?

उद्यमनगरी

आपण मोकळेपणाने लिहिले आहे, म्हणून मीही आडपडदा ठेवत नाही. आपल्या हकिगतीत देवाला काही काम उरलेले नाही. यापुढची पाकिटे थांबतील ती दुसऱ्या सहीमुळे, आणि ती सही नास्तिक माणसाची असली तरी तितक्याच चोख थांबतील.

शाहू महाराजांच्या काळात, १९११ साली, कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला. त्या विचारांच्या घरात मी वाढलो. देव मानायचाच तर मध्यस्थाशिवाय मानावा आणि नीट वागावे ते माणसाला उत्तर द्यावे लागते म्हणून, एवढेच आम्हांला शिकवले गेले. माझे लेथचे वर्कशॉप आहे. टर्निंगचा चुरा विकण्याचा हिशेब ज्याच्याकडे आहे, तो कोणत्याही देवळात जात नाही आणि त्याच्या हिशेबात मला कधी फरक सापडला नाही. गुरुवारचा उपास करणाऱ्या दुसऱ्याला मात्र मी दोनदा पकडले आहे. दोन माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही हे मला मान्य आहे, परंतु ‘माणूस देवभीरू आहे’ एवढ्या एका वाक्यावर आपल्याकडे किती तिजोऱ्यांच्या किल्ल्या सोपवल्या जातात, हे आपणही पाहिले असेल. श्रद्धेवर भरवसा ठेवला की व्यवस्था ढिली राहते, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

आणि एक प्रश्न. ‘नको’ हा ‘नंतर बघू’पेक्षा लहान शब्द आहे. तो का निघाला नाही?

नंदवाळची_वाट

मी वारकरी आहे, त्यामुळे तुमच्या शास्त्रात लुडबुड करत नाही. फक्त एक अनुभव सांगतो. माळ घालण्यापूर्वी मी दर बुधवारी आणि रविवारी मटणाच्या ताटावर बसणारा माणूस होतो, आणि कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्याला नाही म्हणणे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको. माळ घातल्यावर पहिले वर्ष मला स्वतःशी फारसे झगडावे लागलेच नाही, कारण यजमानच गळ्याकडे बघून ताट बदलत होते. माझ्या वतीने माळच नाही म्हणत होती. निश्चय माझा असला तरी राखण चार लोक करत होते.

ख्रिस्ती माणसाच्या गळ्यात असे काही दिसत नाही. क्रूस असला तरी त्याचा अर्थ ‘याला पाकीट देऊ नये’ असा कोणी घेत नाही. मग तुमच्यातल्या निश्चयाची राखण कोण करते, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि जन्माने व विश्वासाने ख्रिस्ती आहे, तरीही काटा_पावती दादांशी माझे पटत नाही. दादा, मोहापासून पळता येते ते मोह बाहेर असतो तेव्हा. पाकीट बाहेर आहे, पोटीफरची बायकोही बाहेर आहे. माझ्या थोरल्या भावाची दारू त्याच्या अंगात होती.

दोन वर्षांपूर्वी ईस्टरआधीच्या उपवासकाळात त्याने सर्वांसमोर गुडघे टेकून दारू सोडली. मंडळीने त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि ती मनापासून केली होती याविषयी मला शंका नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप बशीवर वाजत होता. आई म्हणाली, पोराच्या अंगात पवित्र आत्मा काम करतोय. मी रात्रपाळी संपवून घरी आले, कप पाहिला आणि रिक्षा बोलावली. तरीही दवाखान्याच्या पायरीवर त्याला आकडी आलीच. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली तर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, त्यापुढच्या दिवसांत भ्रम होऊन जिवावरही बेतू शकते. म्हणून ती औषधांच्या आधाराने आणि डॉक्टरांच्या नजरेखाली सोडायची असते. ‘विश्वास कमी पडला’ असे त्या आठवड्यात जे कुजबुजले, त्यांना हे ठाऊक नव्हते.

पौलाने करिंथकरांना लिहिले आहे की देव परीक्षेबरोबर निभावण्याचा उपायही करील. आमच्या घरी तो उपाय सलाइन आणि गोळ्यांच्या रूपाने आला. त्याला देवाचा उपाय म्हणायला माझी हरकत नाही. तो आला नाही असे ठरवून नुसती प्रार्थना करत बसायला आहे.

योसेफाविषयीही एक सांगते. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात तो शेवटी पळाला असे आहे, पण त्याआधी ती बाई त्याला दररोज गळ घालत होती आणि तो दररोज नकार देत होता, असेही आहे. आपण पळण्याचा दिवस लक्षात ठेवतो आणि नकाराचे दिवस विसरतो.

काटा_पावती

सिस्टर, योसेफाच्या रोजच्या नकाराविषयी तुम्ही लिहिले ते मला लागले. उपचारांविषयीही माझा वाद नाही. मात्र ‘मोह अंगात असेल तर पळता येत नाही’ हे मी अर्धेच मानतो, कारण दवाखान्याच्या रिक्षात बसणे हेही पळणेच आहे; घरात बसून झुंजण्यापेक्षा ते शहाणपणाचे असते.

उद्यमनगरी, दुसरी सही नास्तिकाची असली तरी चालेल, हे खरे आहे. पण ती सही कोणी मागितली? मालकांनी नाही, लेखापरीक्षकानेही नाही. माझ्यावर पहारा बसवा, अशी विनंती मी स्वतःहून केली, आणि ती करायला मला त्या रविवारची अडखळलेली ओळ लागली. तुम्हांला कदाचित ती लागली नसती. मला लागली.

माऊलींच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला वेळ हवा आहे.

राजारामपुरी_गल्ली

मी वयाने लहान आहे, चुकल्यास सांभाळून घ्यावे. काका म्हणतात तसे दार बंद करण्याचा प्रयोग माझ्यावर सरकारनेच केला. मी मोबाइलवर पैसे लावून रमी खेळत होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि माझ्या फोनवरचा तो खेळ बंद झाला. आईने देवाचे आभार मानले. मी पंधरा दिवस नीट झोपलो आणि सोळाव्या दिवशी मटक्याच्या चिठ्ठ्या घेणाऱ्या माणसाच्या टपरीसमोर उभा होतो. दार बंद झाले होते, पण माझे पाय तसेच होते.

मग मी पास्टरांकडे गेलो. त्यांनी वचन वगैरे काही सांगितले नाही; माझे बँकेचे कार्ड मागून घेतले आणि रोज रात्री नऊ वाजता फोन करायला सांगितले. आता चार महिने झाले. फोनवर आम्ही बहुतेक वेळा फुटबॉलबद्दलच बोलतो. यात श्रद्धा किती आणि पहारा किती, हे मला वेगळे काढता येत नाही.

उद्यमनगरी

या मुलाने माझेच म्हणणे मांडले आहे: माणूस माणसाला उत्तर देतो आहे. त्या पास्टरांच्या जागी मामा असता तरी चालले असते.

रात्रपाळी

मामा असता तर चालले असते, पण मामा नव्हता. ते पास्टर होते, आणि रोज रात्री नऊ वाजता कोणाचा तरी फोन घेणे हे आपले काम आहे असे ते आपल्या विश्वासामुळे मानतात. ‘एकमेकांची ओझी वाहा’ हे आम्हांला सांगितलेले आहे. आमची मंडळी ते नेहमी करते असे मात्र मी म्हणणार नाही. पाच घरांत चार नाती असलेल्या लहान मंडळीत एखादी गोष्ट विश्वासाने सांगितली की ती पुढच्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर मोडण्याआधी शेवटच्या बाकापर्यंत पोहोचलेली असते. याकोब म्हणतो, आपली पातके एकमेकांजवळ कबूल करा. ऐकणाऱ्याचे तोंड बंद कसे ठेवायचे, हेही त्याने लिहायला हवे होते.

काटा_पावती

माऊलींच्या आणि उद्यमनगरींच्या प्रश्नांचे उत्तर एकच निघाले, म्हणून थांबलो होतो.

‘नको’ तोंडातून निघाले नाही, कारण समोरच्या माणसाला ठाऊक होते की मी पूर्वी एकदा ‘हो’ म्हटले आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी त्याच्याकडून तीन हजारांचे पाकीट घेतले. त्यात थोडी भर घालून मुलीला सायकल आणली. ती आमच्या जिन्याखाली उभी असते आणि रोज कामावर जाताना मला तिला वळसा घालावा लागतो. दुसऱ्या सहीची विनंती करताना मी मालकांना सगळे सांगितले, फक्त हे सांगितले नाही. पत्नीला परवा सांगितले, तुमची उत्तरे वाचल्यावर. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली की भीती कसली होती ते आता कळले.

माऊली, आमच्याकडे माळेच्या जागी कबुली आहे. ती दिसत नाही, आणि घातली नाही तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

उद्यमनगरी

हे लिहायला धैर्य लागते आणि त्याबद्दल मला आदर आहे. तरीही व्यवहाराचे सांगतो. मालकांना सांगितलेत तर अकरा वर्षांची नोकरी एका वाक्यात जाऊ शकते, आणि त्याचा भार त्या मुलीवर पडेल जिला यातले काही ठाऊक नाही. पुढच्या काही गाड्यांत घट नियमाने आणि काटेकोर धरा. मालकांचे नुकसान आपोआप भरून निघेल. मी मालक असतो तर मला एवढे पुरले असते.

रात्रपाळी

नियमाने घट धरणे हे त्यांचे कामच आहे, ती भरपाई कशी होईल? येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयाने लुबाडलेले ‘चौपट परत करतो’ म्हटले ते उभे राहून, सगळ्यांच्या देखत. पण दादा, मालकांकडे एकट्याने जाऊ नका, कोणाला तरी बरोबर घ्या. आणि त्याआधी मुलीशी बोला. तिला बाहेरून कळता कामा नये.

नंदवाळची_वाट

उद्यमनगरींचे म्हणणे मला मालक म्हणून पटते, बाप म्हणून पटत नाही.

काटा_पावती

चौपट म्हणजे बारा हजार होतात. पतसंस्थेतल्या ठेवीतून आज काढून आणले. पास्टर बरोबर येतो म्हणाले आहेत. मालक कामानिमित्त बेळगावला गेले आहेत, ते सोमवारी परत येतील. सायकलचे मुलीला काल सांगितले; तिने फक्त एवढेच विचारले की ती आता चालवायची की नाही, आणि या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता आलेले नाही.