'जंक' म्हणजे कचरा नव्हे

'जंक'ला मराठीत काय म्हणावे, ही विचारणा गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून आली आहे. पंचायतीच्या एका सूचनेत रस्त्यालगतचे 'जंक' हटवण्याबद्दल लिहिले होते. मराठी मसुद्यात एकाने 'कचरा' घातले, दुसऱ्याने 'टाकाऊ वस्तू'. विचारणाऱ्या बाईंना दोन्ही पटले नाहीत आणि माझ्या मते त्यांचेच बरोबर आहे. 'कचरा' वाचल्यावर डोळ्यांपुढे केळीची साल येते, प्लास्टिकची पिशवी येते. आंब्याखाली वर्षानुवर्षे उभी असलेली बिनचाकांची व्हॅन येत नाही, आणि सूचना होती ती त्या व्हॅनसाठी.

इंग्रजीत हा शब्द जहाजांवरून आला. आधी 'जंक' म्हणजे झिजलेला जुना दोरखंड. तो समुद्रात फेकून देत नसत. त्याचे तुकडे करायचे, पीळ उकलून तंतू मोकळे करायचे आणि डांबर लावून ते फळ्यांमधल्या फटींत ठासायचे, म्हणजे पाणी आत झिरपत नाही. चांगल्या उरलेल्या दोरांच्या चटया वळत, धक्क्याला घासू नये म्हणून जहाजाच्या कुशीला बांधायच्या गाद्या करत. लांबच्या सफरीत खलाशांना मिळणाऱ्या खारवलेल्या चिवट मांसालाही पुढे हेच नाव पडले. बंदरांतले व्यापारी असे दोर विकत घेत, त्यासोबत साखळ्या, लोखंड, तांबे. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या दुकानांतल्या सगळ्याच जुन्या मालाला 'जंक' म्हणू लागले आणि शब्द जमिनीवर स्थिरावला. म्हणजे जन्मापासून या शब्दात दोन गोष्टी एकत्र आहेत: मूळ काम संपलेले आहे, पण वस्तू अजून कुणाच्या तरी उपयोगाची आहे. कचऱ्यात ही दुसरी गोष्ट नसते.

इथे एक खुलासा करतो, कारण गोव्यात हा घोटाळा सहज होऊ शकतो. चिनी शिडाच्या जहाजालाही इंग्रजीत 'जंक' म्हणतात. तो शब्द वेगळा. मलाक्काच्या बाजूला मलय-जावी लोक मोठ्या जहाजाला 'जोंग' म्हणत, पोर्तुगीजांनी त्याचे 'जुंकु' केले आणि तिथून ते युरोपीय भाषांत गेले. पोर्तुगीजमध्ये लव्हाळ्यालाही 'जुंकु'च म्हणतात, तो लॅटिनमधून आलेला. दोरखंडाच्या 'जंक'चे मूळ या लव्हाळ्यात असावे असा एक तर्क आहे, पण तो तर्कच. जहाजाचा मात्र त्याच्याशी संबंध नाही.

'जंक' आणि 'गार्बेज' यांतला फरक सर्वांत नेमका सांगितला तो सिडनी ब्रेनर या जीवशास्त्रज्ञाने, ज्यांना 2002 मध्ये नोबेल मिळाले. जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओनो यांनी 1972 मध्ये 'जंक डीएनए' हा प्रयोग रूढ केला, म्हणजे पेशीतला ज्याचे काही काम दिसत नाही असा डीएनए. त्यावर वाद झाले, इतका डीएनए निरुपयोगी कसा असेल असे लोक विचारू लागले. ब्रेनर यांचे म्हणणे असे की जे आपण टाकून देतो ते 'गार्बेज', आणि जे ठेवून देतो ते 'जंक'. पेशी तो भाग टाकत नाही, वागवत राहते, म्हणून 'जंक' हेच नाव योग्य. मराठीत 'कचरा डीएनए' लिहिणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

ठेवून दिलेल्या नकोशा वस्तूला मराठीत नेमका शब्द आहे, अडगळ. गोव्यातल्या कुठल्याही जुन्या घराचा माळा आठवा: एक पाय मोडलेली वेताची खुर्ची, गळकी कळशी, जुन्या रेडिओचा डबा. चवथीआधी साफसफाई निघते, सगळे खाली येते, पुसले जाते आणि बहुतेक परत वर जाते. त्याच माळ्यावर माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळे-पाने टांगायची, लाकडी चौकटही वर्षभर पडून असते, पण तिला घरातले कुणी अडगळ म्हणणार नाही. तिचे काम ठरलेले आहे. अडगळ ठरते ती जागेवरून नव्हे, काम संपण्यावरून.

पण 'जंक' म्हणजे नेहमीच अडगळ, असेही नाही. याचे मोठे उदाहरण कांदोळीच्या किनाऱ्यावर आपण सगळ्यांनी पाहिले. 2000 च्या जूनमध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज तिथे वाळूत रुतले आणि दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच गंजत राहिले. तेव्हा ती अडगळ होती, अगदी अक्षरशः, कारण ती किनारा अडवून बसली होती. पुढे ते कापायला घेतले, पत्रा सुटा झाला, त्याला वजनाचा भाव आला आणि त्याच लोखंडाचे भंगार झाले. मालकाला नको असते तोवर अडगळ, विकत घेणारा भेटला की भंगार. इंग्रजीत 'जंक' दोन्ही अवस्थांना चालतो. आपल्याकडे दोन आहेत, तर ते दोन्ही वापरावेत. पोर्तुगीजमध्येसुद्धा घरच्या कचऱ्याला 'लिशु' आणि मोडीच्या लोखंडाला 'सुकाता' असे वेगळे शब्द आहेत.

भंगार शब्दाला गोव्यात एक अडचण आहे, ती मान्य केली पाहिजे. कोंकणीत भांगर म्हणजे सोने. जुन्या मराठीतही भांगार म्हणजे सोनेच होते. त्यामुळे घरात कोंकणी बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या कानाला 'भंगार द्या' हे विचित्र लागते. तरीही मी भंगारच वापरीन. इथल्या मराठी वर्तमानपत्रांतून 'भंगारअड्डे' हा शब्द इतका रुळला आहे की लेखी सूचनेत गोंधळ होणार नाही.

कागद असेल तर भंगारही नको, रद्दी. क्रियापद म्हणून आले, म्हणजे कुणी जुनी गाडी किंवा एखादी योजना 'जंक' केली, तर 'मोडीत काढली' हा अस्सल प्रयोग तयार आहे. तांब्याची भांडी मोडीत घालून नवी आणणारे लोक तो रोज वापरत आले आहेत. तिथे 'बासनात गुंडाळली' लिहू नका. बासनातली योजना पुन्हा सोडता येते, मोडीतली नाही. आणि 'केराची टोपली दाखवली' हे अर्ज-विनंत्यांना शोभते, गाडीला नव्हे.

'जंक फूड'मध्ये अर्थ सरकला आहे. तिथे काम संपलेले अन्न नव्हे, कसच नसलेले अन्न असा भाव आहे, म्हणून अडगळ आणि भंगार दोन्ही गैरलागू. 'निकृष्ट अन्न' शाळेच्या फलकांवर दिसते, पण त्यातून अन्न नासलेले आहे असा समज होतो. आईने मुलाला रागावताना जो शब्द वापरला असता तोच घ्या: अरबटचरबट. तो औपचारिक वाटत नाही ही तक्रार मला पटत नाही. मुलांना कळायला हवे असेल तर मुलांना माहीत असलेला शब्द लागतो. 'जंक बॉण्ड', म्हणजे पैसे बुडण्याची भीती जास्त असलेले कर्जरोखे, मात्र तसेच राहू द्यावे. तो पतमानांकनाचा पारिभाषिक शब्द आहे, त्यात मुद्दा जोखमीचा आहे.

बाईंनी जाता जाता 'ट्रॅश' विचारले होते. रोजच्या अमेरिकन बोलीत तो केरकचराच. पण उसाच्या संदर्भात आला तर 'पाचट' लिहावे. धारबांदोड्याच्या बाजूचा शेतकरी दुसरे काही म्हणणार नाही.

आता पंचायतीची सूचना. त्यांच्या यादीत बंद पडलेली वाहने, गंजलेले पत्रे आणि पाण्याच्या फुटक्या टाक्या आहेत. माझा मसुदा असा: 'रस्त्यालगत ठेवलेली नादुरुस्त वाहने, जुने पत्रे, टाक्या व इतर भंगार मालकांनी हटवावे.' 'मालकांनी' हा शब्द गाळू नये. कचऱ्याला मालक नसतो, पंचायतीची गाडी तो उचलते. भंगाराला असतो, आणि हटवण्याची जबाबदारी त्याचीच आहे.