आंब्वाजला मोटरहोममध्ये एकच रात्र, जमेल का?

गोदाकाठ (पैठण):
मंडळी, मे महिन्यात पोराकडं फ्रान्सला चाललोय. त्यानं मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, भाड्यानं घ्यायचं ठरवलंय. आम्ही दोघं, तो आणि सूनबाई. ल्वार नदीकाठच्या आंब्वाज गावात एक रात्र थांबायचा बेत आहे. गाडी कुठं लावायची? एका दिवसात काय बघून होतं? आमच्या घरच्या शुद्ध शाकाहारी, त्यांचं कसं? आणि गाडीतल्या संडासावरून घरात आत्तापासूनच कुजबुज चालू आहे, तेही जरा सांगा.

उदगीरकर:
गेल्या सप्टेंबरात आम्ही तिथं दोन रात्री होतो. गाडी गावात घालू नका, गल्ल्या लई अरुंद. नदीच्या मधोमध इल द'ऑर नावाचं बेट आहे, पूल त्याच्यावरूनच जातो. मोटरहोमला पैसे भरून थांबायची जागा तिथं आहे. संध्याकाळी पोचलो तर पात्रात वाळू उघडी पडलेली, उन्हाळ्यातल्या मांजरा नदीसारखी, अन् पलीकडं उंचावर किल्ला.

त्या किल्ल्यात 1498 मध्ये आठवा चार्ल्स राजा चेंडूचा खेळ बघायला निघाला, बुटक्या दाराची चौकट डोक्याला लागली आणि काही तासांत गेला. माझ्या आजोळच्या वाड्याला असंच दार होतं, आजी दर वेळी ओरडायची, "वाकून ये रे!" किल्ल्यातल्या प्रत्येक दाराशी बायकोनं मला तेच ऐकवलं.

एकच तिकीट काढायचं तर क्लो लुसे नावाच्या वाड्याचं काढा. पहिल्या फ्रान्स्वा राजानं बोलावलं म्हणून लिओनार्दो दा विंची 1516 मध्ये म्हातारपणी इथं आला, मोनालिसा सोबत घेऊन. 1519 मध्ये याच घरात वारला. बागेत त्याच्या यंत्रांच्या मोठ्या प्रतिकृती आहेत. त्याचं थडगं मात्र वर किल्ल्यातल्या छोट्या चॅपलात.

गाडीत गॅस असतो, आमटीसाठी येसराचं पीठ न्या. तूप-पेढे राहू द्या, दुधाचे पदार्थ युरोपात आणू देत नाहीत. शुक्रवारी नाहीतर रविवारी सकाळी असाल तर नदीकाठी बाजार भरतो, भाजी तिथं घ्या.

आता संडास. बाहेरून एक दार उघडून डबा काढायचा, चाकं असतात, बॅगेसारखा ओढत न्यायचा. ओतताना हवेचं बटण दाबून धरायचं. मी पहिल्या दिवशी विसरलो. गुडगुड गुडगुड, अन् सगळं बुटावर. पुढं आठ दिवस ते काम माझ्याच गळ्यात.

बीडवाला:
तुम्ही पण चालवणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. साध्या कारच्या लायसनवर साडेतीन टनांपर्यंतची गाडी चालते. सुपरमार्केटच्या पार्किंगला वर आडवा दांडा असतो, जेमतेम दोन मीटरवर, तेवढं मान वर करून बघा. आणि पंपावर 'गॅझोल' म्हणजे डिझेल! नावावर जाऊन पेट्रोल समजू नका.

संभाजीनगरी:
किल्ल्याच्या बागेत थोडं मागं जा. फ्रेंचांशी लढलेला अल्जेरियाचा सरदार, अमीर अब्देलकादिर, 1848 ते 1852 इथं कैदेत होता. त्याच्यासोबतची जी माणसं तिथंच मेली त्यांच्या स्मरणाचे दगड आहेत. बरेच लोक तिकडं फिरकतच नाहीत.

गोदाकाठ:
सगळ्यांचे आभार. येसर भाजायला टाकलाय. डब्यावरून मात्र पेच आहे: पोरगा म्हणतो बाबा नेतील. उद्याच आरटीओत जातो, म्हणजे गाडी माझी अन् डबा त्याचा.