जुन्या .४४ मॅग्नममध्ये फट दोनदा मोजावी
काडतुसे धरणारा फिरता सिलिंडर आणि नळी यांच्यातील फट ६ सहस्रांश इंच भरली, म्हणजे १९७०च्या दशकातील वापरलेले स्मिथ अँड वेसन मॉडेल २९ (.४४ मॅग्नम या जोरदार काडतुसाचे रिव्हॉल्व्हर) निर्धास्त विकत घ्यावे, हे मत मला अर्धेच पटते. रिव्हॉल्व्हर रिकामे असल्याची खात्री केल्यावर ही फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ धातूच्या पट्ट्यांनी) दोनदा मोजावी, एकदा बंद सिलिंडर मागे दाबून आणि एकदा पुढे दाबून; कारण या दोन मापांतील फरक म्हणजेच सिलिंडरची पुढेमागे होणारी हालचाल, आणि जोरदार काडतुसांच्या धक्क्यांनी ती वाढत जाते. मी पाहिलेल्या एका रिव्हॉल्व्हरमध्ये ही मापे ८ आणि ३ सहस्रांश भरली होती, म्हणजे हालचाल ५ सहस्रांश, आणि निळी झिलई मात्र अगदी नव्यासारखी होती! मी ते घेतले नाही.

चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधील काडतुसाच्या भोकात, आत काळे कडे दिसले तर मात्र लगेच नकार देऊ नये. याच रिव्हॉल्व्हरमध्ये चालणारी आखूड .४४ स्पेशल काडतुसे पुष्कळ झाडल्यावर असा थर साचतो. तो बहुधा घासून निघतो आणि आधीच्या मालकाने सौम्य काडतुसे वापरल्याचेच सुचवतो. मागचा घोडा (हॅमर) सावकाश ओढून, तो पूर्ण मागे जाईपर्यंत सिलिंडर जागेवर अडकतो का, हे सहाही चेंबरांवर पाहावे, कारण सिलिंडर फिरवणाऱ्या, त्याच्या मागील दातेरी चक्राचा प्रत्येक दात स्वतंत्रपणे झिजतो.