मदत हवी आहे : पानं मिटतात ती अंधार पडला म्हणून की वेळ झाली म्हणून? वर्गात कसं दाखवू?

नमस्कार मंडळी,

मी आठवीला विज्ञान शिकवते. "प्रकाशामुळे पानांची हालचाल होते" एवढं एक वाक्य फळ्यावर लिहून पुढे जाणं मला पटत नाही. मुलांनी ते स्वतः बघावं, म्हणून प्रयोगाची तयारी करतेय आणि एका ठिकाणी अडले आहे.

लाजाळूची कुंडी बंद खोलीत पांढऱ्या एलईडीखाली आहे. दिवा टायमरवर आहे, सकाळी ७ ला लागतो, रात्री ९ ला विझतो. पण पर्णिका दिवा विझायची वाटच बघत नाहीत! लख्ख उजेडात, आठच्या आधीच त्या जोडीजोडीने एकमेकींकडे कलायला लागतात. सकाळीही दिवा लागण्यापूर्वीच थोड्या उघडलेल्या असतात. बरं, प्रकाशाचा काहीच संबंध नाही म्हणावं, तर संध्याकाळी चारला काळं खोकं उपडं घातलं की बघता बघता मिटतात. तेच खोकं सकाळी दहाला घातलं तर अर्ध्यावरच थांबतात.

१७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळू अंधारात ठेवली, तरी तिची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली, हे मला माहीत आहे. म्हणजे आत घड्याळ आहे. मग प्रकाश नेमकं काय करतो? आणि घड्याळाचं काम कुठे संपतं, प्रकाशाचं कुठे सुरू होतं, हे साध्या साहित्यात वेगळं करून दाखवता येईल का? तेरा वर्षांच्या मुलांसमोर अर्धवट उत्तर द्यायचं नाहीये.

प्रतिसाद :
ताई, तुमची निरीक्षणं अगदी बरोबर आहेत. ती एकमेकांना छेद देत नाहीत.

आधी यंत्रणा. प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो, त्याला पुल्विनस म्हणतात. भिंग घेऊन बघा, देठापेक्षा जाडसर, बारीक सुरकुत्या असलेला भाग दिसेल. सांध्याच्या एका बाजूच्या पेशींत पोटॅशियम आणि क्लोराइडचे आयन शिरतात, त्यांच्यामागे पाणी शिरतं आणि ती बाजू फुगते. त्याच वेळी समोरच्या बाजूतून पाणी निघून जातं. या फुगण्या-आक्रसण्यावर पान वळतं. इथे स्नायू नाहीत, वाढही नाही, म्हणूनच हालचाल रोज उलटसुलट होऊ शकते.

आता प्रकाश. तो इथे दोन वेगळी कामं करतो. पहिलं, घड्याळ लावून देणं. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी १८३२ मध्ये नोंदवलंय की सतत उजेडात ठेवलेल्या लाजाळूचा फेरा २२-२३ तासांचा होतो. रोजच्या उजेड-अंधाराने तो २४ तासांवर आणला जातो. त्यांनी रात्री दिवे लावून आणि दिवसा अंधार करून झाडाची दिनचर्याही उलटी केली होती, पण झाडाला त्यासाठी काही दिवस लागले. दुसरं काम म्हणजे सांध्यावर थेट परिणाम. निळ्या प्रकाशाची जाणीव फोटोट्रॉपिनसारख्या प्रथिनांना होते, लाल प्रकाशाची फायटोक्रोमला. पण या थेट इशाऱ्याला पेशी किती दाद देतील, हे त्या वेळी घड्याळात किती वाजलेत यावर ठरतं. तुमचं दहाचं आणि चारचं खोकं हेच सांगतंय.

प्रतिसाद :
एक व्यावहारिक सूचना. लाजाळू धक्क्यानेही मिटते, त्यामुळे खोकं ठेवताना कुंडी हलली तर प्रयोग तिथेच बाद. त्यापेक्षा घेवडा पेरा. त्याची पहिली दोन रुंद पानं दिवसा आडवी असतात आणि रात्री खाली लोंबतात, हात लावला तरी मिटत नाहीत. शेवटच्या बाकावरूनही दिसेल.

धागाकर्ती :
घेवड्याची सूचना फार उपयोगी आहे, उद्याच पेरते. पण फायटोक्रोमचं काम मुलांना दाखवता येईल का? प्रयोगशाळेची उपकरणं नाहीत. रंगीत जिलेटीन कागद आहेत.

प्रतिसाद (पहिल्याच सदस्याकडून) :
येईल, आणि त्यासाठी मात्र लाजाळूच हवी. फायटोक्रोमची दोन रूपं असतात. सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल प्रकाशाने एक रूप तयार होतं, सुमारे ७३० नॅनोमीटरच्या फार-रेडने, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या अतिगडद लाल प्रकाशाने, ते परत फिरतं. लाजाळूवर १९६६ मध्ये झालेला प्रयोग सुंदर आहे. अंधार करण्याआधी शेवटचा प्रकाश लाल असेल तर पर्णिका मिटतात, शेवटचा फार-रेड असेल तर अंधारातही बराच वेळ उघड्या राहतात. लाल, फार-रेड, पुन्हा लाल असं आलटून पालटून दिलं तरी शेवटी कोणता दिला यावरच निकाल ठरतो.

तुमच्याकडे हे असं करा. पांढऱ्या एलईडीत फार-रेड जवळजवळ नसतो, तेव्हा त्यावर लाल कागद लावला की लाल प्रकाश मिळाला. फार-रेडसाठी जुना तारेचा बल्ब घ्या आणि त्यावर लाल व निळा कागद एकावर एक लावा. दोघे मिळून दिसणारा बहुतेक प्रकाश अडवतात, फार-रेड मात्र आरपार जातो. डोळ्यांना जेमतेम मळकट लाल दिसेल, तो अंधार समजून बल्ब बंद करू नका. बल्ब लांब ठेवा, कारण उष्णतेनेही लाजाळू मिटते, आणि कागदही तापतात.

दोन कुंड्या सकाळी, एकाच वेळी घ्या. दोन्हींना काही मिनिटं आपापला प्रकाश द्या आणि कुंड्या न हलवता खोकी घाला. संध्याकाळी करू नका, तेव्हा घड्याळच पानं मिटवत असतं आणि दोन्हींतला फरक झाकला जातो. अर्ध्या तासाने खोकी उचलताच फोटो काढा, नंतर कागदावर छापून समोरासमोरच्या पर्णिकांमधला कोन मुलांना कोनमापकाने मोजू द्या. दुसऱ्या दिवशी कुंड्यांची अदलाबदल करायला विसरू नका, म्हणजे "ही कुंडीच तशी आहे" ही शंका उरणार नाही.